खामगावची आई, बदलापूरचे घर

गावातील घरे कशी ओस पडत जातात, हे डॉक्टरला आपल्या नोंदवहीवरून कळते. आधी मुलगा शिक्षणासाठी जातो, पुढे नोकरीसाठी. मग वडिलांचा रक्तदाब तपासण्याचे कारण उरत नाही आणि काही महिन्यांनी आईचेही येणे थांबते. शेजाऱ्यांकडे चौकशी केली की उत्तर मिळते, ‘‘त्या आता बदलापूरला असतात, मुलाकडे.’’ खामगावातील माझ्या दवाखान्यात बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, विरार ही नावे गेल्या काही वर्षांत वारंवार कानी पडू लागली आहेत. मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला स्वतःचे घर जिथे परवडते, त्या गावांची ही नावे.

कल्याणला काही कामानिमित्त जाण्याचा योग आला, तेव्हा मुद्दाम तीन दिवस बदलापुरात राहिलो. काही जुन्या रुग्णांना भेटावे आणि ही वस्ती म्हाताऱ्या माणसाच्या प्रकृतीस कितपत मानवते ते पाहावे, हा हेतू.

रेल्वेचे आणि खामगावचे नाते जुने. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तो येथील कापसासाठी. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. तेव्हा कापूस मुंबईकडे जाई, आता माणसे जातात. मुंबईची गाडी गाठण्यासाठी आम्ही बहुधा शेगावला जातो. रात्री गाडीत बसलो की पहाटे कल्याण येते. तेथून कर्जतकडे जाणारी लोकल पकडायची. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर.

माझ्या डब्यात पाय पसरून बसावे इतकी जागा होती. समोरच्या, मुंबईकडे जाणाऱ्या फलाटावर मात्र पाऊल ठेवायला जागा नव्हती. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर दूर आहे. घरापासून स्थानक, तेथून लोकल, उतरल्यावर पुन्हा बस किंवा रिक्षा, असे धरले तर नोकरदाराचे रोजचे चार तास प्रवासातच जातात. सकाळी साडेसहाला निघालेला मुलगा रात्री नऊला परततो. सूनही नोकरी करणारी असेल, तर घरातील वृद्ध व्यक्ती दिवसाचे बारा-तेरा तास एकटी असते. स्वस्त घराची ही किंमत करारपत्रात कोठेही लिहिलेली नसते.

गाव म्हणून बदलापूर देखणे आहे. पश्चिमेला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला डोंगररांगा, स्वच्छ हवेत दिसणारा चंदेरीचा सुळका. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आज भातशेतीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या की ती केव्हाच मागे पडली असणार, हे उघड दिसते. उन्हाळा आम्हा वऱ्हाडकरांना परका वाटू नये इतका कडक. पाऊस मात्र आमच्या कितीतरी पट अधिक. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. कोरड्या हवेत आयुष्य गेलेल्या दमेकऱ्यांना येथील ओल पहिल्या पावसाळ्यात हमखास जाणवते. ज्यांना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, त्यांनी पायांवरील जखमा झाकाव्यात आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून पाण्यातून गेल्याचे आवर्जून सांगावे; लेप्टोस्पायरोसिस अंगावर काढण्याचा आजार नव्हे.

माझ्या एक जुन्या रुग्ण, निवृत्त शिक्षिका, आता बदलापूर पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतात. वय शहात्तर, मधुमेह वीस वर्षांचा. घर स्वच्छ, हवेशीर, मुलगा-सून प्रेमळ. मी विचारले, ‘‘काकू, करमतं का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, इथं कशाची उणीव नाही हो. फक्त दुपारी दार उघडं ठेवता येत नाही.’’

हे वाक्य मी वैद्यकीय तक्रारीइतक्याच गांभीर्याने घेतले. खामगावात त्यांचे दार दुपारभर उघडे असे. भाजीवाली, शेजारची सून, शिकवणीची मुले, कोणी ना कोणी डोकावत असे. त्या येण्याजाण्यातून नकळत त्यांच्यावर लक्षही राहत असे. बदलापुरात आल्यावर त्या सकाळी नऊला मधुमेहाची गोळी घेत आणि नातू शाळेतून आल्यावर त्याच्यासोबत जेवायचे म्हणून दोन वाजेपर्यंत थांबत. एके दुपारी साखर उतरली. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. नातवाने बेल वाजवली तेव्हा त्यांना कडी काढता येईना. समोरच्या घराशी तोपर्यंत ओळखही नव्हती. रखवालदाराने मुलाला फोन केला, पण मुलगा होता मुंबईत, दोन तासांच्या अंतरावर. अखेर त्याच कशाबशा दारापर्यंत आल्या आणि नातवाच्या डब्यातील लाडवाने वेळ निभावली.

त्या कुटुंबाशी बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. अशाच परिस्थितीतील वाचकांसाठी त्या येथे सांगतो. मधुमेहाची गोळी आणि जेवण यांची वेळ एकमेकींना बांधलेली असावी. नातवासाठी थांबायचेच असेल तर मधल्या वेळी पोळी-भाजी खावी. कोणती गोळी कधी घ्यावी, हे त्या ठिकाणच्या डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे. साखर उतरल्याची लक्षणे दिसताच, शुद्ध असेपर्यंत, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी, आणि नंतर जेवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घराची एक किल्ली समोरच्या घरी असावी आणि दाराला आतून कडी न लावता बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप असावे. दुपारी एक वाजता मुलाने फोन करावा. लोकलमधून केलेला दोन मिनिटांचा फोनही पुरतो.

त्याच इमारतीत मेहकरकडचे एक गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या घरात. पत्नीच्या निधनानंतर तेही मुलाकडे आले. पहिले सहा महिने खिडकीत बसून काढले, असे ते स्वतःच सांगतात. मग मजल्यावरील चार नोकरदार कुटुंबांचे टपाल आणि गॅसचे सिलिंडर घेण्याचे काम त्यांनी आपणहून पत्करले. आज त्या चारही घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आहेत. सकाळी कोवळ्या उन्हात फेरी, संध्याकाळी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर गप्पा. त्यांचा रक्तदाब मी मोजला; मेहकरचा जुना कागद त्यांनी जपून ठेवला होता, त्यातील आकड्यांपेक्षा तो चांगला होता. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीव म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठवते, हे मी तीस वर्षांच्या व्यवसायात पुष्कळदा पाहिले आहे.

आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. सामान बांधताना जुन्या चिठ्ठ्या, तपासण्या आणि चालू औषधांची रिकामी पाकिटे वेगळ्या फायलीत ठेवा. औषधाचे व्यापारी नाव गावागणिक बदलले तरी आतील घटक पाकिटावरून ओळखता येतो. सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. आधार कार्ड दाखवून ते कार्ड आधीच काढून ठेवा. स्नानगृहात धरायला दांडा बसवा. आणि गावचे घर पहिल्या वर्षी विकू नका. नवी जागा मानवते की नाही हे एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही. परतीची वाट मोकळी आहे, एवढ्या विश्वासानेही पुष्कळांचे मन नव्या जागी रमते.

शिक्षिकाबाई यंदा कोजागरीला खामगावला येणार आहेत. त्या दिवसापासून आमच्याकडे मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. किती दिवस राहणार, हे त्यांनी ठरवलेले नाही. मुलाने तिकीट एकाच बाजूचे काढले आहे. ‘‘परतीचं आई सांगेल तेव्हा,’’ असे तो म्हणाला. मला त्याचे हे बोलणे फार आवडले.