मशीन जात विचारत नाही

बिरसीत कपडे धुणे म्हणजे हापशीचे पाणी, मोगरी आणि गोंदियाचे कडक ऊन. सकाळी धुतलेले दुपारी घडी करायचे. नोकरीसाठी इंग्लंडला आले आणि ही सवय आठवड्यात मोडली. इथे मशीन स्वयंपाकघरात, पाच जणांत एक. बंद खोलीत कपडे वाळवले की भिंतीला बुरशी धरते. म्हणून कपडे मशीनमध्ये जास्त पिळून घेऊन खिडकी उघडी ठेवायला शिकले.

हे सोपे होते. पण घरातल्या एका भारतीय मुलीने माझे आडनाव विचारले, खोलीतला बाबासाहेबांचा फोटो पाहिला. त्यानंतर माझी पाळी झाली की ती आधी रिकामे मशीन गरम पाण्यावर फिरवू लागली. इतरांच्या पाळीनंतर नाही.

याला स्वच्छता म्हणायचे का? स्वच्छतेचा नियम सर्वांना सारखा लागतो. माणूस निवडून लागतो तो विटाळ. 1927 मध्ये महाडच्या सवर्णांनी चवदार तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले होते. इथे पंचगव्याऐवजी गरम पाणी, एवढाच फरक.

ब्रिटिश संसदेने 2013 मध्ये समानता कायद्यात जात आणण्याची तरतूद केली, पण 2018 मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरवले. अमेरिकेतल्या सिएटल शहराने मात्र 2023 मध्ये जातिभेदावर बंदी घातली.

मी सर्वांसमोर तिला कारण विचारले. उत्तर मिळाले नाही. मग घराचा नियम ठरला: मशीन महिन्यातून एकदा साफ होईल, पाळीने, सर्वांच्या हातून.

शिष्यवृत्तीवर परदेशी निघालेल्या मित्रांनो, अशा वेळी गप्प राहू नका. कारण विचारा, तेही चारचौघांत.

जय भीम!