विलीनीकरण मोडल्यावर

बुधवार पेठेंत अप्पा बळवंत चौकाजवळ, आमच्याच वाड्यांत, दोघे भाऊ मिळून मराठी शब्दकोशाची संगणकीय प्रत सिद्ध करीत आहेत. कामांतील प्रत्येक बदलाची नोंद ‘गिट’ ही व्यवस्था ठेवते. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं ती २००५ सालीं रचिली. धाकट्यानें स्वतंत्र शाखेंत तीन महिने खपून ‘क’ अक्षराचे शब्द लिहिले आणि ती शाखा मुख्य प्रतींत विलीन केली. परंतु तींत अनुक्रम लावणारा एक नियमहि त्यानें बदलला होता. त्यापायीं सारा कोश विस्कटला, म्हणून थोरल्यानें तें विलीनीकरण रद्द केलें. पुढें धाकट्यानें नियम सुधारला, ‘ख’चे शब्द जोडले आणि शाखा पुन्हां विलीन केली. ‘ख’ आला, ‘क’ आला नाहीं. थोरल्यानें आपले शब्द मुद्दाम गाळले असें धाकट्याच्या मनानें घेतलें, आणि घरांत अबोला सुरू झाला.

थोरल्यानें वास्तविक कांहींच गाळलें नव्हतें. विलीनीकरणाच्या नोंदीस जनक दोन असतात. ती रद्द करावयाची तर त्यांतला मुख्य कोणता, हें आधीं सांगावें लागतें. मग व्यवस्था जुनी नोंद पुसत नाहीं. उलट बदलांची एक नवी नोंद तीपुढें जोडते. मजकूर जातो, नातें राहतें. म्हणून दुसऱ्या खेपेस ‘क’ तिच्या दप्तरीं पूर्वींच आलेला ठरतो, आणि एकदां आलेलें ती पुन्हां आणीत नाहीं.

आम्हांस येथें हिंदु धर्मशास्त्रांतील संसृष्टीची आठवण होते. विभक्त झालेले भाऊ पुन्हां एका चुलीवर जेवूं लागले, एवढ्यानें ते एकत्र ठरत नाहींत. विभाग मोडून एक होण्याचा त्यांचा करार असावा लागतो. टॉरवाल्ड्स यांनीं २००८ सालीं सांगितलेला उपाय याच जातीचा आहे: आधीं रद्दीकरणच रद्द करावें, मग शाखा विलीन करावी. जुनी नोंद समूळ खोडण्याचीहि सोय आहे, पण प्रत दुसऱ्या कोणीं नेली नसेल तोंवरच ती बरी. दोघांचें दप्तर एकमेकांशीं जुळेनासें झालें म्हणजे अबोल्यावर भागत नाहीं.

थोरल्यानें अखेर रद्दीकरण रद्द केलें. परंतु शाखा आधींच विलीन होऊन बसली होती, त्यामुळें ‘क’बरोबर तो बिघडलेला नियमहि परत आला. तो सुधारण्यासाठीं दोघांस एकाच यंत्रापुढें बसावें लागलें. त्या रात्रीं ‘कज्जा’ या शब्दाच्या अर्थावरून चाललेला त्यांचा वाद आम्हांस जिन्यापर्यंत ऐकूं येत होता.