स्वयंपाकघरातले महाभारत

जुन्या दिवसांविषयी बोलणारी माणसे एकमेकांना फार लवकर ओळखतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी अनोळखी गृहस्थ बसलेले असावेत, पानावर वरण येईपर्यंत बोलायला विषय नसावा, आणि एवढ्यात कोणीतरी सहज म्हणावे, "आमच्या लहानपणी बुवा एकच दूरदर्शन होतं!" की झाले! मठ्ठा येईपर्यंत त्या दोघांचे सात जन्मांचे नाते जुळलेले असते. एकाने 'विक्रम और वेताल' म्हणावे, दुसऱ्याने 'मालगुडी डेज'. एकाने गुरुवारच्या छायागीताची आठवण काढावी, दुसऱ्याने 'आमची माती, आमची माणसं'ची. आणि शेवटी दोघांनीही एकच सुस्कारा सोडावा, "तेव्हा सगळं घर एकत्र बसायचं हो!"

हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटले आहे. परंतु अलीकडे ते म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. का अडखळते, तेच आज सांगायचे आहे.

आपल्या देशात दूरदर्शनचा पहिला दिवा १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत लागला. मुंबईला तो यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला, आणि १९७३ साली सिंहगडावर मनोरा उभा राहून मुंबईची चित्रे घाट ओलांडून पुण्याकडे दिसू लागली. आमचे गाव पुरंदर तालुक्यातले. तान्हाजी मालुसऱ्यांच्या त्या गडाविषयी आम्हां मुलांना दुहेरी आदर होता. इतिहासाच्या पुस्तकातही तोच, आणि घरातले चित्र स्वच्छ दिसावे म्हणून हात जोडायचे तेही त्यालाच! गावातल्या झाडून साऱ्या अँटेना पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असत. एखाद्या परक्या माणसाला दिशा विचारावी लागली नसती. कौलांवर नजर टाकली की मावळत कुठे आहे ते समजे.

आमच्या घरी टी. व्ही. आला तो १९८७ साली. त्याच वर्षी २५ जानेवारीला रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले होते. रविवारी सकाळी आम्ही भावंडे दुसऱ्याच्या सोप्यावर जाऊन बसतो, हे अण्णांच्या मनाला लागले असावे. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले. रंगीत प्रक्षेपण सुरू होऊन पाच वर्षे झाली होती, पण आमच्या ऐपतीत काळापांढराच बसला. त्याला लाकडी पेटी, पेटीला सरकती दारे, दारांना कुलूप, आणि कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला! पुढे भावाने जत्रेतून एक रंगीत काच आणली. काच कसली, प्लॅस्टिकचा पत्राच तो. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. ती पडद्यावर लावली की आकाश निळे नि गवत हिरवे दिसे हे खरे. पण माणूस जवळ आला की त्याचे कपाळ निळे नि हनुवटी हिरवी होई. दोन रविवारांत अण्णांनी ती काढून टाकली. रामाचे एक वेळ ठीक होते, पण दशरथाचे तसले रूप त्यांना पाहवेना.

रविवारची सकाळ म्हणजे आमच्या घरी सणच. आठपासून चपला दाराशी जमू लागत. पुढे सतरंजीवर मुले, मागे बायका, भिंतीला टेकून म्हातारी माणसे, आणि खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली आणखी दहा-पंधरा तोंडे. शेजारच्या आत्याबाई तर न्हाऊन, नवे लुगडे नेसून येत आणि पडद्याला हळदकुंकू वाहत. मुंग्या आल्या की भाऊ कौलांवर चढे आणि अँटेना फिरवी. "आलं का?" वरून ओरड. "आलं, आलं... गेलं!" खालून ओरड. कधी कावळा अँटेनेवर येऊन बसला की ऐन लक्ष्मणशक्तीच्या वेळी लक्ष्मण नाहीसा होई, आणि साऱ्या सोप्याचा जीव टांगणीला लागे. युद्धात दोन बाण आकाशात समोरासमोर येत, एक विझे, दुसरा पुढे जाई. दुसऱ्या दिवशी शाळेत खराट्याच्या काड्यांचे तसलेच बाण सुटत. पण आमचे बाण काही आकाशात विझत नसत. ते गुरुजींच्या टेबलावर जमा होत.

मंथरेचे काम ललिता पवारांनी केले होते. "ही आपली मराठी बाई," असे अण्णा अभिमानाने सांगत, आणि त्याच दमात मंथरेला शिव्याही देत. ३१ जुलै १९८८ रोजी 'रामायण' संपले. दोन महिन्यांनी, २ ऑक्टोबरला, बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले. संवाद राही मासूम रझांचे. त्यांतली हिंदी अशी संस्कृतात भिजलेली, की आमच्या गावात ती कोणालाही अडली नाही. उलट मुले आपापल्या बापांना 'पिताश्री' म्हणू लागली आणि त्याबद्दल मार खाऊ लागली.

तर असे सगळे घर एकत्र बसे. फक्त आई तेवढी बसत नसे.

ती स्वयंपाकघरात असे. चाळीस माणसे घरी आल्यावर दुसरे कुठे असणार? निदान म्हाताऱ्यांना तरी चहा द्यायला हवा, रविवारचा स्वयंपाक वेगळाच. सोपा, मधे माजघर, आणि त्यामागे स्वयंपाकघर. तिथून पडदा दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आवाज मात्र येई. तोही स्टोव्हच्या घरघरीतून जेवढा येईल तेवढाच. हरीश भिमाणींच्या आवाजातला तो समय बोलू लागला, की आई स्टोव्हची चावी किंचित सैल करून थोडी हवा सोडी. ज्योत मंद होई, घरघर कमी होई आणि कुरुक्षेत्र ऐकू येई. पण त्यामुळे चहाला उशीर होई. मग सोप्यावरून कोणीतरी म्हणे, "आज चहा रुसला की काय, वहिनी?" आई पुन्हा पंप मारी. तेवढ्यात भीष्म काय बोलले ते राहून जाई.

मी माजघराच्या चौकटीत बसत असे. तिथून मान एका बाजूला वळवली की पडदा दिसे आणि दुसऱ्या बाजूला वळवली की आई. ती जागा मला कोणी दिली नव्हती. मी मुलगी असल्यामुळे दर दोन मिनिटांनी कपबश्या न्यायला हाक येई, म्हणून मीच ती सोयीची म्हणून धरली होती. आईने विचारावे, "काय झालं गं?" आणि मी सांगावे, "दुर्योधन पाण्यात पडला." धृतराष्ट्राला संजय होता, तशी माझ्या आईला मी होते. धृतराष्ट्र बिचारा आंधळाच होता. माझ्या आईचे डोळे चांगले धडधाकट होते, फक्त ते तव्यावरच्या भाकरीकडे लावावे लागत.

सांगता सांगता मला त्यात गोडी लागली. जाहिराती सुरू झाल्या की मी आत पळे आणि झालेला सारा प्रसंग सांगून टाकी. पदरचेही थोडे घाली. कर्णाच्या डोळ्यांत पाणी आले नसले तरी मी आणी. एकदा आईने विचारले, "द्रौपदीच्या अंगावर लुगडं कुठल्या रंगाचं आहे?" आमचा टी. व्ही. काळापांढरा! मी मागे वळून पाहिले. पडद्यावर एक करडा रंग होता. मी म्हटले, "अंजिरी." आई भाकरी उलटता उलटता थांबली. "अंजिरी होय? शोभत असेल," म्हणाली.

त्यानंतर मी द्रौपदीला दर रविवारी नवे लुगडे नेसवले. पुढे मी कादंबऱ्या लिहू लागले तेव्हा, हे कुठे शिकलात, असे मला कोणी कोणी विचारले. उत्तर देताना मी मोठमोठ्या लेखकांची नावे घेते. पण खरे उत्तर ती चौकट आहे.

१९९० च्या मध्याला 'महाभारत' संपले. त्याचे चौऱ्याण्णव भाग झाले. त्यांतला एकही आईने पुरता पाहिला नाही. तिने ते सगळे ऐकले.

मग २०२० साल आले. मार्चअखेर देशाला कुलूप लागले आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने दोन्ही मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या. 'महाभारत' दुपारी बारा आणि संध्याकाळी सात, असे दोनदा लागे. शाळा बंद, येणेजाणे बंद. आई माझ्याकडेच अडकलेली. मला वाटले, देवाने ही संधीच दिली. स्वयंपाक मी लवकर उरकला, टी. व्ही.समोर खुर्ची मांडली, पाठीला उशी दिली, आणि म्हटले, "आई, आज तू फक्त बघायचं. उठायचं नाही."

ती बसली. पाच मिनिटांनी म्हणाली, "जरा तांदळाचं ताट दे गं, निवडते." मी नाही म्हटले. तिने हात मांडीवर ठेवले, पण ते हात तिथे परक्या घरी आलेल्या पोरांसारखे अवघडून बसले. शेवटी मी ताट दिले. त्याबरोबर तिची मान खाली गेली, बोटे खडे शोधू लागली आणि चेहरा निवांत झाला.

"आई, वर बघ ना!"

"ऐकतेय मी."

चार-पाच दिवसांनी रूपा गांगुलींची द्रौपदी समोर आली. आता आमचा पडदा रंगीत होता. मी आईला हाक मारली. तिने मान वर केली, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अंजिरी नव्हतं होय?" आणि पुन्हा तांदळात डोके घातले.

मी हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वर्षे दर रविवारी आमच्या घरात चाळीस माणसे एक महाभारत पाहत होती, आणि भिंतीपलीकडे एक बाई दुसरेच महाभारत रचत होती. हे आम्हां कोणाच्या गावीही नव्हते. ते अंजिरी लुगडे तिने तीस वर्षे तसेच घडी घालून ठेवले होते.

आजकाल घरोघर ज्याच्या त्याच्या हातात आपापला पडदा असतो, याबद्दल आपण हळहळतो. मीही हळहळते. शाळेत मुलांना विचारले, काल काय पाहिले, तर तीस मुले तीस उत्तरे देतात. सोमवारी सगळ्या वर्गाने मिळून एकच बाण सोडण्याची मौज त्यांना कळणार नाही. ही हानी खरी आहे. पण परवा मी माझ्या भावजयीच्या स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या डब्याला टेकवून तिने मोबाईल उभा केला होता आणि कणीक मळता मळता ती आपली मालिका पाहत होती. रंगीत! माझे लक्ष जाताच ती ओशाळून तो बंद करू लागली. मी म्हटले, "राहू दे गं." तिला संजय लागत नाही, हे पाहून मला बरे वाटले, आणि माझी जागा गेली म्हणून थोडे वाईटही वाटले.

म्हणून सांगते, जुन्या दिवसांचे गोडवे गायला माझी हरकत नाही. ते दिवस गोडच होते. सिंहगडाकडे तोंड केलेल्या त्या अँटेना, ती सतरंजी, खिडकीतली ती तोंडे, यांतले काहीही मला खोटे म्हणता येत नाही. मात्र 'सगळं घर' म्हणताना माणसे पुन्हा एकदा मोजून पाहावीत. सोप्यापासून सुरुवात करावी आणि स्वयंपाकघरापर्यंत जावे.

आता दिवाळीच आहे. हा अंक तुम्ही बहुधा फराळाच्या बशीशेजारी उघडला असेल, आणि आतून चकल्या तळल्याचा वास येत असेल. तळणाऱ्या व्यक्तीपर्यंत हा अंक केव्हा पोचेल? भाऊबीज उलटल्यावर, पाने सुटी झाल्यावर? तसे नको. उठून झारा आपल्या हातात घ्या आणि अंक तिच्या हातात द्या. तेही जमणार नसेल, तर निदान मोठ्याने वाचा. आत ऐकू जाईल असे.