ढवळतं विरजण

"विरजण कोणी रात्रभर ढवळत बसतं का?" हा आईचा प्रश्न. कात्रजमध्ये राहून, समोर दुधाची पिशवी असताना, बिनतोडच म्हणायचा! पण दह्याला हलवू नये, यीस्टला मात्र हलवावं. साचलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, प्राणवायू मिसळतो, यीस्ट तळाशी बसत नाही आणि झपाट्याने वाढतं. परदेशात हौशी लोक घरच्या बिअरसाठी असं ढवळतं विरजण लावतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर नाही. म्हणून माझ्या फ्लास्कमध्ये गुळाचं उकळून गार केलेलं पाणी आणि पावाचं यीस्ट. जात तीच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

लॅबचं यंत्र महाग. त्यापेक्षा जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, मेलेली हार्ड डिस्क, आणि वेग कमी-जास्त करायला तपकीर गल्लीतून एक एलएम ३१७. हार्ड डिस्कच्या चुंबकाची गंमत म्हणजे एकाच बाजूला उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुव शेजारी शेजारी! तो पंख्याच्या बरोब्बर मध्यावर चिकटवायचा. वर ॲक्रिलिक (लोखंडी पत्रा नको, चुंबकाचा जोर तोच खातो), त्यावर फ्लास्क, आत टेफ्लॉनची चुंबकी कांडी. वेग हळूहळू वाढवायचा, नाहीतर कांडी सटकून कोपऱ्यात थरथरत बसते. छोटासा भोवरा दिसला की बास.

एका चिमटीत आता दोन विकांतांचे पाव निघतात. आई पाव आवडीने खाते, पण रोज सकाळी फ्लास्क हुंगून माझ्याकडे बघते. वास बिअरसारखाच येतो हो!