पूर्ण पत्ता

पत्ता सांगण्याची कला आमच्या घराण्यात कुणालाच साधलेली नाही. ‘मारुतीच्या देवळावरून वळलं की आलंच घर!’ असे माझे वडील पाहुण्यांना कळवीत. गावात मारुतीची देवळे तीन. बिचारे पाहुणे दिवेलागणीपर्यंत प्रदक्षिणा घालीत. त्या पाहुण्यांची आठवण मला गेल्या दिवाळीत एका संगणकाने करून दिली.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या कचेरीत हिशेबाचे एक मोठे सॉफ्टवेअर आले. दिवसभराच्या हिशेबाची एक प्रत त्याने रात्री दोन वाजता आपली आपण पलीकडच्या खोलीतल्या संगणकावर नेऊन ठेवायची, अशी व्यवस्था होती. प्रत ठेवायची जागा म्हणून ‘झेड ड्राइव्ह’ असे भरलेले होते. पण सकाळी पाहावे तो तिथे काही नाही! पडद्यावर एकच ओळ: दिलेला मार्ग सापडत नाही. गंमत अशी, की आमचे हेडक्लार्क अण्णा दिवसा बटण दाबीत, तेव्हा तीच प्रत बिनबोभाट त्याच जागी जाऊन पडे.

अण्णा असताना चालते, नसताना नाही! कार्यवाहांनी निष्कर्ष काढला, की नवे यंत्र नको म्हणून हा म्हातारा रात्री काहीतरी बंद करून जातो. वीस वर्षांचा स्नेही मी. पण मीही सर्वांदेखत विचारले, ‘‘अण्णा, खरंच काही करत नाही ना तुम्ही?’’ अण्णा काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी आला. पाच मिनिटांत हसला. ‘‘सर, झेड हा पत्ताच नव्हे, ते टोपणनाव आहे. अण्णा आपल्या नावाने संगणक उघडतात, तेव्हा विंडोज त्यांच्यापुरती ही ओळख जोडून देतं. रात्रीचं काम वेगळ्याच खात्याने चालतं. त्या खात्याला झेड कोण, हे ठाऊकच नाही!’’

त्याने झेड पुसला. सुरुवातीला दोन उलट्या तिरप्या रेघा, मग त्या संगणकाचे नाव, मग एक रेघ आणि सामायिक फोल्डरचे नाव, असा पूर्ण पत्ता लिहिला. दुसऱ्या सकाळी नवी ओळ उमटली: प्रवेश नाकारला. ‘‘ही प्रगती आहे, सर,’’ तो म्हणाला. ‘‘आता घर सापडलं, फक्त दार उघडायचंय.’’ रात्रीच्या त्या खात्याला फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी दिली, आणि तिसऱ्या सकाळी प्रत जागेवर होती.

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन अण्णांकडे निघालो. वर्षापूर्वी ते मुलाच्या नव्या घरी राहायला गेले होते. ‘बँकेच्या मागची इमारत’ एवढेच मला माहीत. तिथे इमारती पाच! पाचवीच्या पहारेकऱ्याला म्हणालो, ‘‘अण्णांकडे जायचंय.’’

‘‘कोण अण्णा? पूर्ण नाव सांगा.’’

मी पूर्ण नाव सांगितले. त्याने वहीत माझे लिहून घेतले आणि वर फोन लावला. ‘‘कुणी मास्तर आलेत. सोडू का?’’

फोनमध्ये थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. डब्याची कडी मी घट्ट धरून ठेवली होती. मग तो ओळखीचा आवाज आला,

‘‘सोडा. आमचेच आहेत.’’