सोळा डिग्रीचा फ्रिज

तर झालं असं. आईचं इन्शुलिन आमच्या फ्रिजमध्ये असतं आणि फ्रिज आहे जुना. न उघडलेल्या इन्शुलिनला 2 ते 8 डिग्री लागतात, आणि गोठलं तर सरळ टाकून द्यायचं. फ्रिजचं बटण ‘3’ वर आहे म्हणजे आत नक्की किती डिग्री, हे घरात कुणालाच माहीत नाही. मध्यंतरी आईची शुगर वाढायला लागली तेव्हा माझा पहिला संशय फ्रिजवर गेला. (आईचा, मी आणलेल्या आंबा बर्फीवर.)

मग काय, शनिवारी सोल्डरिंग आयर्न बाहेर काढलं. एलएम35 सेन्सर एका डिग्रीला 10 मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनोची पायरी जवळजवळ 5 मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा डिग्री. म्हणून मधे एक ऑप-अँप टाकून सिग्नल 11 पट करायचं ठरवलं. कॉलेजच्या डब्यात 741 सापडला. 1968 सालचं डिझाइन, आईच्याच वयाचं!

आकडा आला 16. फ्रिज चालू, 16. फ्रिज बंद, 16. सेन्सर मुठीत धरला तरी 16.

"फ्रिज बरा आहे, तुझ्या यंत्रालाच ताप आलाय," इति आई.

रविवारी लॅमिंग्टन रोडची दुकानं बंद असतात. मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, एवढा प्रवास वाचला, म्हणून नाइलाजाने डेटाशीट वाचलं. व्हायवासाठी आम्ही सगळ्यांनी ‘स्ल्यू रेट 0.5 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद’ पाठ केलं होतं. इथे त्याचा काय उपयोग? फ्रिज गार व्हायला अर्धा तास लागतो. गोची भलत्याच ओळीत होती, जी ओळ मी कधीच वाचली नव्हती: इनपुट कॉमन मोड रेंज. ±15 व्होल्टवर खात्री फक्त ±12 ची. म्हणजे दोन्ही टोकांपासून इनपुट 3 व्होल्ट आत हवं. माझा सप्लाय 0 ते 5. खालून 3 आणि वरून 3 सोडले तर उरतं काय? काहीच नाही! आणि माझं इनपुट होतं 50 मिलिव्होल्ट, अगदी जमिनीलगत. बिचारा 741 पावणेदोन व्होल्टवर अडकून बसला होता. भागिले 11 करा, 16 डिग्री.

पुढच्या शनिवारी दुकानदाराने ओपी07 काढून दिला. "साहब, प्रिसिजन है." खरंच आहे. त्यातल्या सी ग्रेडचा इनपुट ऑफसेट जास्तीत जास्त 150 मायक्रोव्होल्ट. पण कॉमन मोडची रड तीच. तो महाग चिप ठेवून मी चहाच्या किमतीतला एलएम358 घेतला. याचा ऑफसेट 7 मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे 0.7 डिग्रीची चूक. (‘टिपिकल’चा रकाना वाचून खूश होऊ नका, शेजारचा ‘मॅक्स’ वाचा.) पण याचं इनपुट शून्यापर्यंत चालतं. आता तुम्ही म्हणाल, 0.7 डिग्री थोडी नाही. नाहीच. पण ती चूक जवळपास स्थिर असते. मल्टिमीटरने इनपुट मोजलं, आउटपुटला 11 ने भागलं, फरक आला 3 मिलिव्होल्ट. तो कोडमध्ये एका ओळीत वजा केला. अडकलेलं आउटपुट मात्र कुठल्याच कोडने सुटत नाही, हे आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना जरा उशिराच पटतं.

एलएम358 लाही मर्यादा आहेच. 5 व्होल्टवर त्याचं आउटपुट साधारण साडेतीनपर्यंतच चढतं, म्हणजे 32 डिग्रीच्या आसपास तो थांबतो. मे महिन्यात टेबलावर ठेवला तर खोटं बोलेल. मला 8 च्या वर गेलं की बोंब मारणारा हवा होता, तेवढं पुरे. सेन्सरची स्वतःची चूक वेगळी, ती काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिली.

आणि आकडा? मधल्या फळीवर 5. दाराच्या कप्प्यात, जिथे इन्शुलिन होतं, दुपारी 11.

इन्शुलिन आता मधल्या फळीवर, दह्याच्या भांड्यामागे आहे. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी नवीन व्हायल लिहून दिली. आईने आकड्याकडे दोनदा चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "मग आता दह्याचं भांडं कुठे ठेवू?"