गोळ्या सोसत नाहीत

आमच्या भाट्ये गावात टीबी झालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, अंगात ताकद आणा, मासळी खा. रत्नागिरीला रुग्णालयात असलेल्यासाठी घरून डबा जातो. डब्यात बांगडा असला की पाठवणाऱ्यांना बरं वाटतं.

पण या गोळ्या चालू असताना मासळी बाधूही शकते. बांगड्याच्याच कुळातल्या कुप्यासारख्या माशांनी श्रीलंकेतल्या रुग्णांना असा त्रास दिला होता. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध चालू असलेल्यांचा मासा खाल्ल्यावर चेहरा लालबुंद व्हायचा, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. डॉ. उरागोडा यांनी १९८०च्या सुमारास यावर लिहिलं. मासा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठतं, आणि ते शिजवूनही जात नाही. एरवी शरीर थोडंफार हिस्टामिन निकामी करतं. आयसोनियाझिड नेमकं तेच काम अडवतं. ताज्या बांगड्यात हिस्टामिन नसल्यातच जमा. उन्हात टोपलीत राहिलेल्याची गोष्ट वेगळी. पण हे घरी कोणाला ठाऊक असणार? घरचे म्हणतात, गोळ्या उष्ण पडल्या, सोसत नाहीत. आणि गोळ्या फळीवर जातात.

क्षयाच्याच रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते, त्यात अपाय नाही. मला भीती वाटते ती काविळीची. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, तिन्ही यकृताला इजा करू शकतात. अन्नावरची वासना उडते, उलट्या होतात, डोळे पिवळे दिसतात. कोकणात कावीळ म्हटली की पावलं झाडपाल्याच्या औषधाकडे वळतात. गोळ्यांचं नाव तिथे निघतच नाही, आणि सकाळची मात्रा पोटात जातच राहते. खरं तर अशा वेळी डॉक्टर गोळ्या थांबवतात, रक्त तपासतात, यकृत सावरलं की एकेक औषध पुन्हा सुरू करतात. बहुतेकांचे उपचार पुरे होतात.

सगळंच असं भरून येत नाही. मुंबईची भरतनाट्यम नर्तिका नंदिता वेंकटेसन हिची श्रवणशक्ती २०१३मध्ये क्षयाच्या उपचारांत गेली. तशीच बहिरी झालेली दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले आणि ती, दोघींनी क्षयावरच्या बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात हरकत घेतली. या गोळीमुळे कान घालवणारी इंजेक्शनं टाळता येतात. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने मुदतवाढ मागणाऱ्या कंपनीचा अर्ज फेटाळला. अशांपैकीच एक इंजेक्शन, कानामायसिन, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतूनच वगळलं. या दोघींच्या कानांना त्याचा काय उपयोग?

गोळ्या सोडणाऱ्याला बेजबाबदार म्हणणं मला पटत नाही. सहा महिने रोज घ्यायचं औषध आपल्या अंगात काय काय करील, हे त्याला पहिल्याच दिवशी, त्याच्या बोलीत सांगायला हवं. एथाम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटला तर त्याच दिवशी यायचं, हातापायांना मुंग्या आल्या तर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी विचारायची. आणि हे डबा पाठवणारीलाही सांगायचं, कारण पानात काय वाढायचं ते तीच ठरवते.